झिजवलेलं विमान

हाक मारल्यावर जेवायला येत नाही, ही मुलाबद्दलची तक्रार जुनी होती. तिची बाईंना इतकी सवय झाली होती की ती नसती तर दुपार अळणी लागली असती. आजची तक्रार वेगळी होती. आज तो हाक न मारता आला. एक वाजला होता, भात अजून गॅसवर होता, आणि हा बेचाळीस वर्षांचा बाप्या आपल्या खोलीतून बाहेर आला, हात धुतले, खुर्ची ओढून बसला आणि ताटाची वाट बघू लागला. वाट! अकरा वर्षं ज्यानं ताटाला आपली वाट बघायला लावली, त्यानं. वर भाजीला नाक मुरडलं नाही, भात संपवला, “मीठ बरोबर आहे” म्हणाला, आणि उठून स्वतःचं ताट घासून ठेवलं. बाई ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि पाय फुकट खाली आपटावा, तसं त्यांना झालं. चांगलं वागायला लागलेल्या माणसाची त्यांना आयुष्यभर धास्ती वाटत आली होती. नवराही जाण्याआधी आठवडाभर असाच गुणी झाला होता, स्वतःच्या चपला स्वतः जागेवर ठेवत होता.

“बरं नाही का तुला?”

“बरं आहे.”

“मग असा शहाण्यासारखा का वागतोयस?”

तो हसला नाही. ओला हात शर्टाला पुसला. तेवढं मात्र त्याचं नेहमीचं होतं, आणि बाईंना जरा हायसं वाटलं. “दुकान बंद होतंय,” तो म्हणाला. “अकरा दिवसांनी.”

“कुठलं दुकान?”

“माझं. म्हणजे माझं नव्हे गं, माझं सामान जिथे असतं ते.” आणि तो खोलीत गेला. दार लावलं नाही. ते उघडं दार बाईंना आणखीच खुपलं.

ते दुकान बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहण्यासारखं नव्हतंच. ना त्याला शटर, ना फळी, ना बाहेर पाटी. मुलगा संगणकात बघायचा आणि म्हणायचा, आज दुकानात गर्दी आहे. पहिल्या वर्षी बाईंना वाटलं पोराचं डोकं फिरलं. मग एकदा त्यानं बसून नीट सांगितलं, आणि बाईंनी आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. संगणकावर घरबसल्या विमान उडवायचं एक सोंग असतं. त्याला खेळ म्हटलं की याला राग येतो, सिम्युलेटर म्हणायचं. मोठी कंपनी ते सोंग विकते, पण तिनं दिलेली विमानं ओबडधोबड असतात. ज्यांना खरी चव हवी ते वेगळं विमान विकत घेतात, वेगळा विमानतळ घेतात, इंजिनाचा आवाजसुद्धा वेगळा घेतात. हे वरचं सामान याच्यासारखी माणसं घरात बसून बनवतात आणि त्या दुकानात ठेवतात. त्याला अॅड-ऑन म्हणतात. “म्हणजे सदरा त्यांचा, काजं आपली,” बाई म्हणाल्या होत्या, आणि मुलानं मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं होतं की जणू आई पहिल्यांदाच घरी आली. कारण बाईंनी एकतीस वर्षं शिंप्याच्या दुकानासाठी हातानं काजं केली होती. सदऱ्याची, कोटाची, गणवेशाची. बटणाचं भोक म्हणजे काज नव्हे, हे त्यांना कुणाला सांगावं लागत नसे. त्या नुसत्या बघायच्या, आणि समोरचा आपल्या छातीवरच्या काजांवर हात ठेवायचा.

इमारतीतले लोक मुलाला पायलट म्हणत. तो आयुष्यात एकदाच विमानात बसला होता आणि कान दुखले म्हणून दोन दिवस झोपून होता. पण परक्या देशांतली माणसं त्याला पत्रं पाठवत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यानं आतापर्यंत तीन विमानं केली होती, जुन्या तऱ्हेची, पंखेवाली, आणि तिन्हींची एकाच गोष्टीसाठी वाखाणणी झाली होती. झीज. दुसऱ्यांची विमानं आतून नवीकोरी दिसायची. याच्या विमानात खटक्यांभोवतीचा रंग बोटांनी उडालेला असायचा, मुठी तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या असायच्या, खुर्चीचा हात एकाच जागी काळपट पडलेला असायचा. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की मी असल्या विमानात बावीस वर्षं काढली, तुझं विमान उघडलं आणि मला माझ्या साहेबाच्या घामाचा वास आला. मुलानं ते वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “घामाचा वास येतो म्हणून कसली शाबासकी!” पण ते वाक्य त्यांनी पुढे खालच्या वाणसामानवाल्याला, दुधाच्या बाईला आणि दातांच्या डॉक्टरला ऐकवलं होतं.

चौथं विमान मात्र संपत नव्हतं. सहा वर्षं झाली. सुरुवातीला रोज कॅमेरा घेऊन घरभर हिंडायचा. बाईंच्या शिलाई मशीनच्या चाकाचे फोटो, कात्रीच्या मुठीचे, रिळांच्या खणाचे, इस्त्रीच्या दांड्याचे, गॅसच्या बटणांचे, कपाटाच्या कडीचे. कात्री तर दोन दिवस गायब होती. “विकतोयस की काय?” म्हणून बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे फोटो थांबले, आणि दार बंद झालं, आणि विमान संपत आलंय, संपतच आलंय, एवढंच ऐकू येत राहिलं. मध्ये दोनदा त्यानं सगळं पुसून पहिल्यापासून केलं. का, ते सांगितलं नाही. बाईंनी विचारलंही नाही. पुसून पहिल्यापासून करण्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं.

दोनच्या सुमाराला मुलीचा फोन आला. ही धाकटी, दुसऱ्या गावी दिलेली, जीभ आईच्या वळणावर गेलेली.

“काय गं आई, पायलटचं विमान पडलं म्हणे?”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. मला मेसेज केला. त्यानं! मला! मला वाटलं तुलाच काही झालं.”

“मला काही होत नाही. तुम्हाला पुरून उरेन.”

“ते माहितीये गं. ऐक, यांच्या ऑफिसात एक जागा आहे. गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या खोक्यांची नोंद करायची. एसी आहे, खुर्ची आहे. त्याला मी मेसेजमध्ये कळवलंय, तूही सांग, आता पुरे.”

“खोकी मोजायला देऊ त्याला?”

“मग काय, घरात देव्हारा करून बसवू? आई, मी बघितलं सगळं. आता त्या कंपनीनं नवं सोंग आणलंय आणि त्याच्या आतच दुकान काढलंय. बाहेरची दुकानं एकेक बंद पडतायत. आतल्या दुकानात याच्यासारख्या एकट्यादुकट्याला रांगेत उभं करतात, दोन-दोन वर्षं. आणि लोकांना विकत घ्यायचंच नाहीये काही. महिन्याचे पैसे भरले की दोनशे विमानं मिळतात. जुनं करायचं तर तेही यंत्रच करतं. बटण दाबलं की विमान वीस वर्षांचं. हा कुठे सहा वर्षं एक खटका घासत बसलाय!”

बाई नुसतं “हं” म्हणाल्या. मुलीला ते नवीन होतं. ती जरा नरमली. “आई, अकरा दिवस आहेत अजून. असेल तसं ते विमान दुकानात टाकू दे त्याला. जुन्या सोंगावर उडवणारे काही म्हातारे उरलेत, ते तरी घेतील. निदान झालं म्हणता येईल. नव्या सोंगात ते चालणार नाही, म्हणजे नंतर कायमचं गेलं. तू आत जाऊन बघ तरी. तू चांगलं म्हणालीस तर टाकेल तो. दुसऱ्या कुणाचं ऐकतो का?”

फोन ठेवला तरी बटण दाबलं की वीस वर्षांचं, हे बाईंच्या कानात वाजत राहिलं. खिडकीखाली कुणी गाडी मागे घेत होतं आणि गाडी तोच तो सूर काढत होती. असाच एक सूर काजं करायच्या त्या यंत्रालाही होता. शिंप्याच्या दुकानात ते आलं तेव्हा मास्तरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकानं, बाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. त्यात खोडी नव्हती, मास्तर भला माणूस होता, त्याला खरंच कौतुक वाटत होतं. कापड आत सरकवलं, टरर्र झालं, काज तयार. बाईंनी ते उलटं करून पाहिलं. “मागून घाण आहे,” त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाला, “मागून कोण बघतं, बाई?” रागानं नव्हे, अगदी समजुतीनं म्हणाला, आणि त्या समजुतीचाच बाईंना संताप आला. अंगठीसारखं बोटात घालायचं टोपण तेवढं त्यांनी उचललं आणि घरी आल्या. मुलगा तेव्हा तेराचा होता. दप्तराचा तुटलेला बंद स्वतः शिवत बसला होता, आईला दाखवायला, कारण दोन दिवस ती कामात होती. वेडावाकडा टाका होता, पण बंद बसला होता. बाईंनी दप्तर हातात घेतलं, मागून पाहिलं, आणि म्हणाल्या, “उसव.” त्यानं उसवलं. पुन्हा शिवलं. “उसव.” दिवे लागेपर्यंत तो शिवत होता आणि त्या उसव म्हणत होत्या. शेवटचा टाका खरंच सुरेख आला होता. तेव्हाही त्या चांगलं म्हणाल्या नव्हत्या, नुसतं उसव म्हणायच्या थांबल्या होत्या. त्यांच्या घरात शाबासकी ती एवढीच, आणि पोराला ती कळते असं त्यांनी कायम धरून चाललं होतं. आज ओट्यावर उपडं घातलेलं ताट त्यांनी उचलून पाहिलं. स्वच्छ होतं. मागूनही स्वच्छ होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि त्याच्या खोलीत गेल्या.

खोलीत तारांचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. मुलगा खिडकीशी उभा होता, संगणकाकडे पाठ करून. आई आत आलेली बघून त्यानं एकदम खुर्ची पुढे केली, पाहुण्याला करावी तशी.

“दाखव,” बाई म्हणाल्या.

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त काढू?”

त्यानं काहीतरी दाबलं आणि पडदा उजळला. बाईंना वाटलं होतं आकाश दिसेल, ढग दिसतील. तसलं काही नव्हतं. आतली खोली दिसली, चालवणाऱ्यांची. दोन खुर्च्या, मध्ये दांडे, समोर काट्यांच्या चकत्या, वर-खाली खटकेच खटके. काचेतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात धूळ दिसत होती. बाई पुढे वाकल्या. मग चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी धागा मोजला, त्यांना हे असं कुणी दाखवलं नव्हतं. रंग कुठे एकदम उडालेला नव्हता; आधी चकाकी गेलेली, मग पातळ झालेला, मग खालचं पत्र्याचं अंग बोटाएवढं उघडं पडलेलं. एका मुठीवर तळव्याची चमक होती. अशी चमक दहा वर्षांत येत नाही. हे खोटं आहे हे ठाऊक असून हात पुढे जात होता. पोरानं हे केलंय, त्यांच्या मनात आलं. मग त्यांना आपलं मशीनचं चाक दिसलं. ते चाक तिथे नव्हतं, एक गोल मूठ होती, पण काठावरची झीज चाकाची होती, ती तिरकी लांबट झीज, त्या ओळखत होत्या. कात्री दिसली. गॅसचं बटण दिसलं. खण दिसला. एकेक करत सगळं घर त्या विमानात भेटत गेलं. त्यांना हसू आलं. आपण न बसता या विमानात आधीच कितीतरी हिंडलोय, असं वाटलं.

“इथे कोण बसतं?” त्यांनी डावी खुर्ची दाखवली.

“कॅप्टन. मोठा साहेब.”

“आणि हे मधले दांडे?”

“इंजिनांचे. वेग वाढवायचे.”

“तो कुठल्या हातानं धरतो?”

मुलगा किंचित थांबला. “उजव्या. दांडे त्याच्या उजवीकडे आहेत ना.”

बाईंनी उजवा हात पडद्यासमोर धरला, मूठ अर्धी मिटून. अंगठा अलीकडे आला, आपल्या बाजूला. दांड्यावरचा अंगठ्याचा खड्डा पलीकडे होता. त्यांनी हात बदलला. डावा धरला. अंगठा बरोबर खड्ड्यावर पडला, बोटं बरोबर बोटांच्या जागी. मग त्यांनी वरचे खटके पाहिले, चाकं वर घ्यायची मूठ पाहिली, खुर्चीचे हात पाहिले. सगळीकडे तोच. विमानात खुर्च्या दोन होत्या, माणसं दोन बसत होती, आणि हात एकच होता. डावा. बाईंचा. ज्या हातासाठी बाई शाळेत तिसरीपर्यंत पट्ट्या खात होत्या, आणि चौथीत गेल्याच नाहीत. ज्या हाताची काजं उलट्या दिशेनं चालत, म्हणून शंभर सदऱ्यांत मास्तर त्यांचा सदरा ओळखून काढायचा.

मुलगा मागे उभा होता, त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता. सांगितलं तर उसवणार. अकरा दिवसांत तर सोडाच, अकरा वर्षांत होणार नाही, आणि नंतर ते ठेवायला जागा उरणार नाही. नाही सांगितलं तर जाईल, कुठल्या तरी म्हाताऱ्यांच्या घरी जाईल, त्यांना कळणारही नाही, आणि कळलं तरी डावखुरा साहेब असेल म्हणतील. नुसतं चांगलंय म्हणायचं. एक शब्द. लोक दिवसातून दहा वेळा म्हणतात, बसमध्ये, फोनवर, काहीही न बघता म्हणतात. बाईंनी जीभ वळवून पाहिली. मेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालावं तसा तो शब्द ओठांच्या कडेनं बाहेर ओघळला असता. आणि हा, ज्याला त्यांच्या गप्प बसण्यातून शाबासकी वाचायची सवय, त्याला शब्द ऐकून काय वाटलं असतं? आईनं आपल्यावर पाणी सोडलं, हेच.

“कसं झालंय?” मुलानं विचारलं.

बाईंचा हात अजून पडद्यासमोर होता, डावा, अर्धा मिटलेला, आणि तो खाली घ्यायला हवा हे त्यांना उशिरा सुचलं.

“कळलं तुला,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं, तुला कळेल.”

“तुला माहितीये?”

“चार वर्षं झाली. दोनदा पुसलं ते त्यासाठीच. फोटो उलटे करून पाहिले, आरशातल्यासारखे. पण मग सगळं खोटं दिसतं, ऊन दुसरीकडून आल्यासारखं. मग म्हटलं, दुसऱ्या कुणाचा हात घ्यावा.” तो पलंगाच्या कडेला बसला. “दुसरा हात आणायचा कुठून आई? घरात तू आणि मी. माझ्या हातानं काय झिजलंय?” त्यानं टेबलावरचा माऊस उचलून दाखवला. उजव्या बोटाखाली एक चकाकता ठिपका होता, डाळीएवढा. “हे एवढंच. एवढ्यावर विमान होत नाही.”

“बाहेरचे हात नव्हते? लोकांच्या घरी जायचंस.”

“कुणाच्या?”

खाली गाडी जाऊन सूर थांबला होता.

“ती होती चौदा महिने,” मुलगा म्हणाला. बायकोचं नाव तो घेत नसे, बाईही घेत नसत. “तेवढ्यात काही झिजत नाही. मी बघितलं, सगळ्या घरात शोधलं. कपाटाची तिच्या बाजूची कडीसुद्धा तशीच आहे.”

बाईंना ती दिसली, सून, ओट्याशी पाठमोरी, उजव्या हाताची, भांडी घासून उपडी घालणारी. आणि ती वळली की तीच भांडी पुन्हा घासायला घेणाऱ्या आपण. तिनं घडी केलेले कपडे आपण मोडून पुन्हा घडी केले. तिनं लावलेली कडी आपण एकदा काढून पुन्हा लावायचो, नीट लागली की नाही बघायला. भांडण असं झालंच नव्हतं कधी. एक दिवस तिनं बॅग भरली आणि बॅगेचं बक्कलही लागत नव्हतं. तेही बाईंनीच पुढे होऊन लावून दिलं होतं. तिच्या हाताची खूण घरात राहिली नाही, कारण तिच्या मागून दुसरा हात फिरत होता.

“मग टाकतोस का दुकानात?” त्यांनी विचारलं. “आहे तसं?”

“नाही.”

“अकरा दिवस आहेत.”

“असू देत. चुकीचं आहे ते. मला दिसतं. तुलाही दिसलं.” त्यानं पडदा बंद केला. काळ्या काचेत खोली उमटली, खुर्चीवर बाई, मागे पलंगावर तो. “सोमवारी गोदामात जाऊन येतो. ताट घासायची सवय करायला हवी म्हटलं. तिथे डबा आपला आपल्यालाच धुवावा लागत असेल.”

बाई उठल्या. गुडघा कुरकुरला, खुर्चीला धरून त्या सरळ झाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या. त्याचं तोंड वर होतं, तेराव्या वर्षी दप्तर पुढे करून बसला होता तसंच, आणि हे त्यांना बघवेना, म्हणूनच त्यांनी मुद्दाम बघून घेतलं.

“ऐक आता,” त्या म्हणाल्या. “काम तुझं चोख आहे. माझ्या हातून असं कधी झालं नाही, आणि मी कुणाला हे म्हटलेलं नाही. आणि ते वाया गेलंय. ते दुकान राहिलं असतं तरी तू हे दिलं नसतंस, तेव्हा त्या कंपनीच्या नावानं खडे फोडू नकोस. या घरात मी दुसऱ्या कुणाचा हात टिकू दिला नाही. तिचा नाही, तुझाही नाही. ते मी केलं. पण बेचाळीस वर्षं तू मला करू दिलंस, ते तुझं.”